नव्वदवर लावलेली गाडी

यांचा उजवा गुडघा चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या पायडलवर वरखाली झालेला आहे. टेलरमास्तर म्हणून हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि गुडघाही आता तितकाच ठाऊक झालाय. जिना चढताना तो कटकट वाजतो आणि तळमजल्यावरची इस्त्रीवाली मान वर न करताच विचारते, "मास्तर, आलात का?"

त्याच गुडघ्याने हे दुकानात दिवसभर उभे राहतात, तक्रार नाही. फक्त एका कामाला तो तयार होईना. दर शनिवारी एकशे नव्वद किलोमीटर जाऊन नातीला शाळेतून आणायचं आणि तेवढंच परत यायचं. ॲक्सिलरेटरवर पाय एकाच जागी तोलून धरला की तासाभरात गुडघ्याचं लाकूड व्हायचं. मग चहाच्या टपरीवर गाडी थांबवून हे दाराला धरून उभे राहायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, हवा बघतोय."

नात नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. कानांत यंत्रं आहेत, पण गाडीत टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज त्यांत इतका घोंघावतो की बसल्या बसल्या ती यंत्रं काढून डबीत ठेवते. मग सगळं बोलणं हातांचं. तिच्यासारख्या मुलांची चांगली शाळा आहे ती एवढ्या लांब, राहायची सोय तिथेच. जावई बोटीवर असतात, सहा-सहा महिने. लेक आमच्याकडेच असते, इस्पितळात अपघात विभागात नर्स आहे आणि शुक्रवारी तिची रात्रपाळी. शनिवारी सकाळी ती घरी येते ती थेट अंथरुणात. रविवारी संध्याकाळी भिंगरीला सोडायला ती जाते, शनिवारी आणायला आम्ही. आम्ही गेलो नाही तर शाळेची बस महिन्यातून एकदा मुलांना घरी आणते.

"महिन्यातून एकदा पुरतं की," शाळेच्या ऑफिसातल्या बाई सहज म्हणाल्या होत्या.

"बाई," हे म्हणाले, "सदऱ्याला चारऐवजी एकच बटण लावून दिलं तर चालेल तुम्हाला?"

बाई हसल्या, पण यांचा चेहरा हसण्यातला नव्हता.

गाडी जावयांची. चार दारांची, मागे लांब डिकीची सेडान. तिच्या स्टिअरिंगवर अंगठ्यापाशी चार-पाच बटणं होती, ज्यांना हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. गुडघ्याचं कळल्यावर जावयांनी बोटीवरून व्हिडिओ कॉल लावला आणि यांना गाडीत बसवून धडा दिला. त्याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आपल्याला हवा तो वेग आला की बटण दाबायचं. मग पाय काढला तरी गाडी तोच वेग धरून चालत राहते. ब्रेकला पाय लागला की सुटतं, किंवा शेजारचं रद्द करायचं बटण दाबलं की सुटतं.

"पण बाबा, एक लक्षात ठेवा," जावई म्हणाले. "काही नवीन गाड्या पुढचं वाहन बघून आपोआप हळू होतात. आपली तशी नाही. पुढे कोण आहे ते हिला दिसत नाही. ही फक्त वेग धरते. बघायचं काम तुमचंच. पावसात नको, गर्दीत नको, वळणावळणाच्या रस्त्यावर नको. आणि पाय कायम ब्रेकच्या समोर. काय सांगितलं?"

"पाय ब्रेकच्या समोर," हे शाळेतल्या मुलासारखे म्हणाले.

पहिल्या शनिवारी शहर मागे पडलं, रस्ता रुंद झाला आणि यांनी नव्वदवर बटण दाबलं. पाय उचलला. गाडी आपली चाललेली. हे मिनिटभर श्वास धरून बसले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ बघ, टाका कसा एकसारखा पडतोय!" त्यांच्या शब्दकोशात याहून मोठं कौतुक नाही. त्या दिवशी शाळेच्या फाटकात हे लंगडत नाही, चालत गेले, आणि भिंगरीने पळत येऊन अंगावर उडी घेतली तेव्हा पहिल्यांदाच "सावकाश, सावकाश" म्हणाले नाहीत.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं, आणि त्यात माझा वाटा यांच्याइतकाच आहे.

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मी कुणाचं उणं काढत नाही. लग्नानंतर पुष्कळ वर्षं माझी जीभ यांच्या कात्रीपेक्षा जास्त चालली. लेक बारा वर्षांची असताना एकदा वेणी घालताना मला म्हणाली, "आई, माझ्यात काही बरं आहे का गं?" त्या दिवशी देवापुढे बसले आणि हा नेम घेतला. अख्ख्या दिवसाचा घेतला असता तर मोडला असता, ते देवालाही माहीत आणि मलाही. हे मला चिडवतात. बारा वाजले की पाहुण्यांना सांगतात, "सांभाळून बसा, धरणाचं दार उघडलं."

आणि शनिवारचा सगळा प्रवास बाराच्या आतला. सातला निघायचं, साडेनऊला शाळा, बाराला घर.

पहिल्या शनिवारी यांचा पाय ब्रेकच्या समोर होता. दुसऱ्या शनिवारी तो जरा मागे, पायपुसण्यावर आला. तिसऱ्या शनिवारी दुकानात कापड बेतताना स्टुलावर बसतात तसा पाय दुमडून सीटखाली गेला. मला दिसत होतं. मी शेजारीच बसलेली. पण हे सांगणं म्हणजे उणं काढणंच की, असं मनात आलं आणि मी गप्प राहिले. घरी पोचून बारा वाजले तेव्हा भिंगरीच्या गडबडीत विसरून गेले. खरं सांगायचं तर विसरले नाही. यांचा आनंद मोडवेना.

कारण आनंद नुसत्या गुडघ्याचा नव्हता. शिवणकामाची बोटं ती. खुणांची भाषा यांनी सहा महिन्यांत उचलली. मी अजून अडखळते, एकदा मी भिंगरीला "दूध पी" म्हणून काही खूण केली तर ती पोट धरून हसत सुटली, काय म्हटलं होतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. खुणांच्या भाषेत माणसांना नावंही खुणांचीच असतात. आजोबांचं नाव तिने ठेवलंय सुईत दोरा ओवण्याची खूण. माझं नाव ओठांवर बोट.

पाय मोकळा झाला तसं यांचं मनही मोकळं झालं. मधल्या आरशाखाली यांनी एक छोटा गोल आरसा चिकटवला, मागच्या सीटवरची भिंगरी नीट दिसावी म्हणून. आठवडाभराच्या गोष्टी तिच्या हातांत साठलेल्या असायच्या. ती आरशात हातवारे करायची, हे एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने उत्तर द्यायचे. गाडी आपली नव्वदवर. दोघांचं असं रंगायचं की मला वाटे, आपण गाडीत आहोत हे यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही.

चौथ्या शनिवारी परतताना भिंगरी मांजराच्या पिल्लाची गोष्ट सांगत होती. वसतिगृहातल्या कुणा मुलीने ते कपड्यांच्या कपाटात लपवलं होतं आणि कपाट उघडायला मावशी आल्या होत्या. मावशी कशा शिंकल्या ते भिंगरी दाखवत होती आणि हे आरशात बघून खांदे हलवून हसत होते.

पुढे लोखंडी नळ्या लादलेला एक ट्रक होता. नळ्यांची टोकं मागे बाहेर आलेली, त्यांना लाल फडकं बांधलेलं. चढ लागला तसा ट्रक हळू झाला. आम्ही नव्वदवरच. मला ते फडकं आधी रुमालाएवढं दिसलं, मग टॉवेलएवढं. यांचे डोळे आरशात, पाय सीटखाली.

"अहो!"

मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी जन्मात कधी ओरडले नसेन. यांचा पाय सीटखालून निघाला, आधी सीट सरकवायच्या दांडीला अडकला, मग ब्रेकवर पडला. पट्टे छातीत रुतले, डिकीतलं सामान धाडकन पुढे आलं. गाडी थांबली तेव्हा लाल फडकं आमच्या बॉनेटवर लोंबत होतं. ट्रकवाल्याला काही कळलंही नाही. तो चढ चढून निघून गेला, फडकं हलवत.

यांनी गाडी कडेला घेतली. मागे वळून भिंगरीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. ती ठीक होती, नुसती डोळे मोठे करून बसली होती. मग हे पुन्हा समोर वळले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांना किल्लीही फिरवता येईना. एका दमात सुई ओवणारे हात.

हे म्हणाले, "बोल."

"साडेदहा वाजलेत," मी म्हटलं.

"आज मोड नेम. मी सांगतो, बोल."

"मोडला तर मला थांबता येणार नाही."

यांनी गाडी सुरू केली, बटणाला हात न लावता, पाय पॅडलवर ठेवून. वीसेक मिनिटांनी हळूच म्हणाले, "लेकीला सांगू नकोस. कामावर ती रोज अपघाताचीच माणसं बघते. शनिवार बंद करून टाकील ती."

मी देवाचं नाव घेत राहिले.

घरी आलो तेव्हा बाराला दहा कमी होते. लेक उठून ओट्यापाशी चहा गाळत होती, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. भिंगरी धावत गेली, तिच्या कमरेला मिठी मारली आणि मिठीतून सुटताच हातांनी पहिली बातमी दिली. ओठांवर बोट. मग तोंड उघडून दोन्ही हात बाहेर फेकले. आजी ओरडली!

लेकीचे डोळे पूर्ण उघडले. "आई? तू ओरडलीस? कुणावर?"

हे कोटासाठी खुंटी शोधत होते. खुंटी समोरच होती.

"दहा मिनिटांनी सांगते," मी म्हटलं.

"आई, मी अपघात विभागात काम करते. 'दहा मिनिटांनी सांगते' म्हणणारी माणसं माझ्याकडे स्ट्रेचरवर येतात. काय झालं?"

"अगं, तिचा तो नेम..." हे म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा. आई?"

मी खुर्चीवर बसले. मग मला सुचलं की दुसऱ्याचं उणं काढायचं नाही, पण स्वतःचं काढायला काय हरकत आहे. तसं मी सांगितलं. "चूक माझी आहे. गाडीचा वेग बटणाने लावलेला असतो तेव्हा पाय ब्रेकपाशी हवा. तो तिथे नाही हे मी दोन शनिवार बघितलं आणि बोलले नाही. बोलताना डोळे रस्त्यावर नसतात तेही बघितलं आणि बोलले नाही. नेमाआड लपले. आज एक ट्रक हातभर अंतरावर राहिला."

कुणाचा पाय, कुणाचे डोळे, ते मी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. यांनी कोट खुर्चीवर टाकला आणि लेकीसमोर येऊन उभे राहिले. "पाय माझा. डोळेही माझे. ती उगाच स्वतःवर घेतेय."

लेक रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही, तेच जास्त वाईट. चहा तसाच ठेवून तिने भिंगरीला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि खिडकीशी उभी राहिली. मग म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी पाळी बदलून घेते. शनिवारी मी तुमच्याबरोबर येणार. बघणार. मग ठरवू, तुम्ही आणायचं की शाळेच्या बसने."

"ठीक आहे," हे म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाने उसवून परत दिलेला कपडा घेतात त्या आवाजात.

त्याच दुपारी यांनी कात्रीच्या टोकाने गोल आरसा खरवडून काढला. आणि मग आठवडाभर रोज संध्याकाळी दुकान बंद करून हे खाली उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायचे. इंजिन बंद. मी शेजारी. पाय ब्रेकच्या समोर टाच टेकवून ठेवायचा, मी "आता" म्हटलं की ब्रेकवर न्यायचा. टाच उचलायची नाही, पंजा तेवढा फिरवायचा. पन्नास वेळा. गुडघ्याला शेक दिल्यावर आणखी पन्नास वेळा.

इस्त्रीवाली तिसऱ्या दिवशी न राहवून खिडकीशी आली. "मास्तर, एक विचारू? तीन दिवस झाले, रोज बघतेय. पोचत कशी नाही तुमची गाडी?"

"रस्ता लांबचा आहे," हे म्हणाले.

पुढच्या वाहनापासून अंतर किती ठेवायचं, ते मी शोधून काढलं. पुढचं वाहन एखाद्या खांबापाशी पोचलं की मी मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागायचं. चार वेळा सावकाश घेऊन होण्याआधी आपली गाडी त्याच खांबाशी पोचली तर आपण फार जवळ आहोत. एका सकाळी आम्ही रस्त्यावर जाऊन करून बघितलं. पहिल्या वेळी माझी दोनच नावं झाली आणि खांब आला.

"तू हळू म्हणतेस," हे म्हणाले.

मी काही बोलले नाही, सकाळ होती. यांनीच वेग कमी केला.

शनिवारी लेक पुढे बसली, मी मागे. शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला, तरी यांनी बटणाला हात लावला नाही. पायानेच चालवत राहिले. पाऊण तास झाला, तास झाला. मागून मला यांच्या मानेची शीर दिसत होती. पेट्रोल पंपावर उतरले तेव्हा पहिलं पाऊल टाकताना यांनी दार इतक्या जोरात धरलं की लेकीने येऊन काखेत हात घातला.

"बटण का नाही लावत?" तिने विचारलं.

"नकोच ते. ज्याच्यामुळे झालं..."

"बाबा, बटणामुळे नाही झालं. हा असा आखडलेला पाय घेऊन चालवाल तर ऐनवेळी ब्रेकपर्यंत पोचेल का? मी बटणाच्या विरुद्ध नाहीये. ते दुखण्यावरचं औषध समजा. औषध घेतलं म्हणून कुणी पथ्य सोडतं का?"

"तू आईवर गेलीस," हे पुटपुटले, पण पुन्हा निघाल्यावर रस्ता सरळ लागला तसं नव्वदवर बटण दाबलं. लेकीची नजर खाली. पाय ब्रेकच्या समोर, टाच टेकलेली. पुढे एक टेम्पो दिसला तसं मी न सांगता देवाचं नाव सुरू केलं. चार झाली, पाचवं सुरू झालं, मगच खांब आला. थोड्या वेळाने बारीक पाऊस लागला. काचेवर थेंब पडले मात्र, यांनी बटण रद्द केलं आणि पायाने वेग खाली आणला. पाऊस थांबला तरी रस्ता वाळेपर्यंत पुन्हा लावलं नाही. लेकीने पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून एक बिस्कीट यांच्या तोंडाशी धरलं. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून लहान मुलासारखं आ करून बसले.

मला वाटलं, झालं, पास झाले. पण अवघड पेपर परतीचा होता.

भिंगरी गाडीत बसली ती गोष्टींनी काठोकाठ भरल्यासारखी. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा तलावाच्या काठावरून पाण्यात उडी मारायला शिकली होती. यंत्रं डबीत गेली आणि हात सुरू झाले. गोल आरसा दिसेना, तर मोठ्या आरशाकडे बघून सुरू केलं. सुईत दोरा ओवला. आजोबा! आजोबा, बघा!

हे बघेनात.

तिने पुन्हा दोरा ओवला. मग पुढे वाकून खांद्यावर बोट मारलं. यांचा खांदा जरा हलला, मान हलली नाही. तिने आणखी एकदा मारलं. मग हळूहळू मागे सरकली. हात मांडीवर पडले. मी माझ्या मोडक्या खुणांनी सांगायला गेले, आजोबा, डोळे, रस्ता. तिने माझ्याकडे बघितलं आणि छोटीशी एक खूण केली, छातीपाशी मूठ आवळून. ती मला येते. रागावले?

"काय म्हणतेय?" हे पुढून म्हणाले. नजर रस्त्यावरच.

"तुम्ही रागावलात का विचारतेय."

यांचे कान लाल झाले. गाडी नव्वदवर चाललेली, टाका एकसारखा. लेक वडिलांकडे बघत होती. यांनी क्षणभर मान मागे वळवली असती तर मी काय म्हणाले असते मला माहीत नाही. भिंगरी आता खिडकीबाहेर बघत होती. ऐकू न येणारं मूल खिडकीबाहेर बघत असलं, तर त्याला हाक कशी मारणार?

"तिला सांग, नाही म्हणून," हे म्हणाले.

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने हात झटकला.

यांनी अंगठ्याने बटण सोडवलं. वेग उतरला तसा कडेला जायचा इंडिकेटर लावला. अर्ध्या किलोमीटरवर गाड्या थांबायची जागा होती, दोन झाडं आणि सिमेंटचा एक कठडा. यांनी तिथे गाडी आत घेतली, रेषांच्या बरोबर मध्ये उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग उतरले. गुडघा कटकन वाजला. गाडीला वळसा घालून मागचं दार उघडलं आणि समोरच्या कठड्यावर बसले, म्हणजे तोंड तिच्या तोंडासमोर येईल. दोन्ही हात वर केले आणि बोलायला लागले.

सगळं मला कळलं नाही. एवढं कळलं, की गाडी चालते तेव्हा माझे डोळे रस्त्याचे. गाडी थांबते तेव्हा तुझे. मग छातीवरची मूठ उघडून दाखवली, मोकळी. रागावलो नाही. आणि मग, उडी. सांग.

भिंगरीने आधी खात्री करून घेतली. इंजिन बंद आहे ना, म्हणून तळहात पुढच्या सीटच्या पाठीला लावून बघितला. मग उतरली आणि सांगायला लागली. काठ, पाणी, शिकवणाऱ्या बाई, नाकात गेलेलं पाणी. हे अधूनमधून थांबवून विचारत होते, आणि दोन्ही हातांनी विचारत होते. अर्ध्या हाताने केलेलं बोलणं आणि पूर्ण हातांनी केलेलं बोलणं यातला फरक मला तेव्हा दिसला.

लेक गाडीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ गेले. तिने घड्याळ बघितलं.

"आई, असे थांबत थांबत आलात तर तुम्हाला घरी यायला एक वाजेल."

"वाजेल खरा," मी म्हटलं.

"मी तशीही शनिवारी बारापर्यंत झोपलेली असते. साडेबारापर्यंत झोपेन." डोळे पुसून ती हसली. "आणि तू. पाय जागेवर दिसला नाही तर बारा वाजायची वाट बघायची नाही. त्याला उणं काढणं म्हणत नाहीत, आई. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. त्या रात्री देवापुढे बसून मी नेमाला तेवढी एक वाट ठेवली. देवाने हरकत घेतली नसावी.

ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, चला आता. पुढच्या शनिवारी मी येणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

हे उभे राहिले. ऐकलं ते समजायला जरा वेळ लागला. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

भिंगरीला या भानगडीशी काही घेणं नव्हतं. तिची उडी अजून हवेतच होती, पाण्यात पडायची बाकी होती. यांनी तिला समजावलं, पुढचा थांबा, बावीस किलोमीटर. बावीस बोटांवर दाखवलं. तिने विचार केला, मान डोलावली, सीटवर बसून पट्टा लावला. गाडी रस्त्याला लागली, आणि पुढची गोष्ट मध्येच निसटू नये म्हणून तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.